ऐतिहासिक काळातली अद्भुतकथा वर्गात लिहून घेताना : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

‘इतिहासातल्या एखाद्या काळात घडणारी जादूची गोष्ट लिहा,’ एवढंच आठवी-नववीच्या वर्गाला सांगितलं, तर वह्यांमध्ये काय येणार हे आधीच ठरलेलं असतं. कुणी यंत्रात बसून गडावर जातं. कुणाच्या तलवारीतून वीज निघते. शेवटी आईची हाक येते आणि ‘मला जाग आली तेव्हा ते स्वप्न होतं’ या वाक्यावर गोष्ट संपते. यात मुलांचा आळस नाही. कल्पनाप्रधान निबंध आणि आत्मवृत्त यांचा साचा त्यांच्या हातात बसलेला असतो. विषय नवा मिळाला तरी ती तोच साचा वापरतात.

दुसरी अडचण क्रमाची आहे. ‘तुला कोणती शक्ती हवी?’ हा प्रश्न सहसा आधी विचारला जातो आणि काळ नंतर चिकटवला जातो. मग काळ फक्त पडद्यासारखा मागे लोंबतो. आधी त्या काळातला एक साधा, जादू नसलेला दिवस कागदावर उतरवायचा आणि अद्भुत त्या दिवसातल्याच एखाद्या वस्तूतून काढायचं, असा क्रम ठेवला तर गोष्ट उभी राहते. वेळ कमी असेल तर खालच्या पायऱ्या लहान करा, पण त्यांची अदलाबदल करू नका.

लागणारा वेळ : ३५ मिनिटांच्या १० तासिका, त्यातल्या दोन सलग.
गोष्टीची लांबी : ८०० ते १००० शब्द. पहिल्याच प्रयत्नात यापेक्षा मोठी गोष्ट मागू नये.
वर्गरचना : ४० मुलं असतील तर पाचपाचांचे आठ गट. माहिती गटात गोळा करायची, गोष्ट प्रत्येकाने स्वतंत्र लिहायची.

## पूर्वतयारी : काळाच्या तीन चौकटी

‘मध्ययुग’ किंवा ‘पेशवाई’ ही गोष्टीची चौकट होत नाही, ती फार मोठी आहे. एक ठिकाण आणि एक-दोन दशकं एवढंच घ्या. मुलांना तीनच पर्याय द्यावेत. महाराष्ट्रातल्या वर्गाला चालणारे हे तीन :

पहिली चौकट, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारी मालाची वाट, सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण, ज्यात जकात टाकत असं सांगतात.

दुसरी, १२७५ च्या सुमाराचं देवगिरी आणि त्याच्या भोवतालची खेडी. यादवांची राजधानी, हाट, मठ, वीरगळ (लढाईत मेलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड).

तिसरी, १७५० च्या दशकातलं पुणे. नानासाहेब पेशव्यांचा काळ. वाढत्या पेठा, कात्रजच्या तलावातून शहरात आणलेला नळ आणि त्यावरचे हौद.

शिवकाळ मुद्दाम वगळला आहे. त्या काळाचे संवाद, पेहराव आणि प्रसंग मुलांनी मालिकांमधून आधीच पाठ केलेले असतात, त्यामुळे ती शोधत नाहीत, आठवतात. शिवाय महाराज गोष्टीत आले की बाकीची पात्रं उभी राहतच नाहीत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गोष्टीला तो काळ जरूर द्यावा.

प्रत्येक चौकटीसाठी शिक्षकाने एकेका पानाचं पत्रक तयार करायचं. त्यावर सातच मथळे असावेत : खाणं, पाणी, उजेड, कपडे, पैसा, वेळ मोजण्याची रीत, निरोप पोहोचवण्याची रीत. प्रत्येक मथळ्याखाली तीन-चार ओळी लिहा. राजे, लढाया आणि तह यांना पत्रकात जागा नाही, ते पाठ्यपुस्तकात आहेत आणि गोष्टीला त्यांचा उपयोग कमीच होतो.

माहिती कुठून घ्यायची? यादवकाळासाठी ‘लीळाचरित्र’ फार कामाचं आहे. त्यात माणसं काय खातात, कुठे झोपतात, वाटेवर काय घडतं याचे तपशील जागोजागी आहेत. पेशवेकालीन पुण्यासाठी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे छापील खंड आणि जुनी जिल्हा गॅझेटियरं पुरतात. मोडीतल्या मूळ कागदांच्या मागे लागू नका. पुण्याजवळ असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात वर्गाला घेऊन जा. तिथे दिवे, अडकित्ते, दौती अशा रोजच्या वस्तू आहेत, आणि या कामाला तलवारींपेक्षा त्याच जास्त उपयोगी पडतात.

सावधान : आज दिसणारी वास्तू म्हणजे त्या काळची वास्तू नव्हे. देवगिरीवर सहलीला गेलेली मुलं यादवांच्या गोष्टीत चांदमिनार आणि तोफा हमखास घालतात. चांदमिनार पंधराव्या शतकातला आहे आणि तोफा त्याहून पुढच्या. ‘दौलताबाद’ हे नावदेखील चौदाव्या शतकात, तुघलकाच्या वेळी मिळालं. पत्रकावर ‘हे तेव्हा नव्हतं’ अशी वेगळी चौकोनी जागा ठेवा आणि ती आधी भरा.

## पायरी १ : ‘होतं’ आणि ‘नव्हतं’ (तासिका १)

गटांना पत्रकं देण्याआधी फळ्यावर वीस वस्तू लिहा आणि प्रत्येक गटाने आपल्या चौकटीपुरत्या त्या ‘होतं’ किंवा ‘नव्हतं’ या रकान्यांत टाकाव्यात. दहा मिनिटं द्या. वाद होऊ द्या. मग पत्रकं वाटा आणि त्यांनाच आपली उत्तरं सुधारू द्या. पत्रक आधी दिलं तर मुलं ते नुसतं वाचतात. चुकल्यानंतर दिलं तर त्यात उत्तर शोधतात.

वस्तू निवडताना ज्या फार जुन्या वाटतात पण नाहीत, अशा घ्या. त्यांत खाण्यापिण्याच्या वस्तू सर्वांत फसव्या. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पेरू, पपई, काजू, तंबाखू हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, पोर्तुगीज इकडे आल्यानंतरचं. म्हणजे सातवाहन आणि यादव या दोन्ही चौकटींत यातलं काहीच नाही. यादवकाळातली बाई एकादशीला साबुदाण्याची खिचडी करते असं वाक्य आलं, तर त्या एका ताटात चार चुका असतात : साबुदाणा, शेंगदाणे, मिरची आणि बटाटा. तिखटपणा हवा असेल तर मिरी, आलं, पिंपळी.

पुण्याच्या चौकटीत मिरची चालेल. तिथल्या चुका वेगळ्या : चहा, आगपेटी, रॉकेलचा कंदील, छापील पुस्तक, वर्तमानपत्र, टपालाचं तिकीट. घर्षणाने पेटणारी काडी विलायतेत १८२६-२७ ला आली आणि मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’ १८३२ चं. आगपेटी नाही म्हणजे घरात विस्तव राखेखाली जपून ठेवायचा, विझला तर शेजारून मागून आणायचा किंवा चकमक झाडायची. हे मुलांना मुद्दाम सांगा. विस्तव मागायला शेजारी जावं लागणं हा गोष्टीसाठी आयता प्रसंग आहे.

तपासा : प्रत्येक गटाच्या ‘नव्हतं’ रकान्यात किमान आठ वस्तू आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## पायरी २ : जादू नसलेला दिवस (तासिका २ आणि ३)

सगळ्या पायऱ्यांमध्ये हीच महत्त्वाची आणि नेमकी हीच वगळली जाते. प्रत्येकाने आपल्या चौकटीतलं एक साधं माणूस निवडायचं : नाणेघाटातला बैलांचा तांडेवाला, देवगिरीच्या हाटातली तेलीण, पुण्यातला पखालवाला, कागद घोटणारा, सासरी नव्याने आलेली मुलगी. त्या माणसाच्या एका दिवसाचं वर्णन १५० ते २०० शब्दांत करायचं. चमत्कार नाही, राजा नाही, लढाई नाही. पत्रकातल्या सातपैकी निदान पाच मथळ्यांचा तपशील आला पाहिजे.

मुलं कुरकुर करतील. करू द्या.

नमुना म्हणून फळ्यावर आधी चुकलेला परिच्छेद लिहा आणि चुका वर्गाकडून काढून घ्या :

‘पहाटे पाच वाजता गोदा उठली. तिने काडी ओढून दिवा लावला. चहा घेतला आणि खिडकीच्या काचेतून बाहेर बघितलं. खिशातली नाणी मोजून ती दोन किलोमीटरवरच्या हौदाकडे निघाली.’

पाच वाजता, काडी, चहा, काच, खिसा, किलोमीटर. चार वाक्यांत सहा चुका. बहुतेक वर्ग चार सहज पकडतात. ‘खिसा’ आणि ‘वाजता’ निसटतात. अंगरख्याला बंद असत, बायका पैसे कनवटीला लावत. मग तोच परिच्छेद सुधारून दाखवा :

‘कोंबडा आरवायच्या आधीच गोदाला जाग आली. चुलीतली राख तिने हलक्या हाताने सारली. खाली विस्तव होता, म्हणजे आज शेजारी जायला नको. पणती लावून तिने रात्रीची भाकरी ताकाबरोबर खाल्ली, दोन घागरी उचलल्या आणि मामंजींना जाग येणार नाही अशा बेताने कडी काढली. हौदावर पहिली गेली तर पाणी निवळ मिळतं.’

दुसऱ्या परिच्छेदात एकही अवघड शब्द नाही, हे वर्गाला दाखवून द्या. काळ जुन्या शब्दांनी उभा राहत नाही. माणसाला सकाळी कशाची काळजी वाटते, त्यातून तो उभा राहतो.

वेळ आणि अंतर यांचं छोटं कोष्टक भिंतीवर लावून ठेवा : दिवसरात्र मिळून ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची, एक प्रहर साधारण तीन तासांचा. अंतराला कोस. कोसाचं माप मुलखागणिक बदलत असे, पण गोष्टीपुरतं तीन किलोमीटर धरायला हरकत नाही. त्या हिशेबाने कात्रजचा तलाव शनिवारवाड्यापासून तीन कोसांवर येतो.

तपासा : तिथी आणि चंद्र जुळतात का? मुलांना गोष्टीत चांदणं फार आवडतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. ‘अमावास्येच्या चांदण्यात’ असं वाक्य दरवर्षी एका तरी वहीत असतंच. ऋतूही पाहा : हुरडा पौष-माघात, आंबा वैशाखात, मुठेला पूर पावसाळ्यात.

### कोण कुठे जाऊ शकत होतं?

या पायरीवर एक विषय टाळता येत नाही. १७५० च्या पुण्यात एकाच हौदावर सगळ्या जातींची माणसं हसतखेळत पाणी भरतात असं मुलं लिहितात, कारण त्यांना तसं असावंसं वाटतं. तसं नव्हतं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना अशा पाणवठ्यांवर मज्जाव असे. जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला तो १८६८ मध्ये, म्हणजे या गोष्टीच्या काळानंतर शंभराहून जास्त वर्षांनी, आणि तेव्हाही ते धाडसच होतं.

शिक्षकाने हे सरळ, आवाज न चढवता सांगावं. दोन पथ्यं पाळावीत. कोणत्या विद्यार्थ्याने कोणत्या जातीचं पात्र घ्यायचं हे शिक्षकाने ठरवू नये, आणि आडनावावरून तर कधीच नाही. दुसरं, अपमानकारक शब्द न वापरताही अन्याय दाखवता येतो : कोण लांब उभं आहे, कुणाची घागर रिकामी राहते, कोण कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओततं.

मुलींच्या बाबतीतही हेच. चौदा वर्षांची मुलगी एकटी घोड्यावरून रानात जाते असं लिहून झालं की विचारा, ‘घरच्यांनी कसं जाऊ दिलं?’ त्या काळात या वयाची मुलगी बहुधा सासरी असे. ‘नाहीच जाऊ शकत’ म्हणून प्रसंग कापू नका. ती कशी निसटली हे लिहायला लावा. तो भाग मूळ प्रसंगापेक्षा सरस होतो.

## पायरी ३ : एकच अद्भुत, तेही वस्तूतून (तासिका ४)

आता जादू. नियम एक : संपूर्ण गोष्टीत एकच अद्भुत. बोलणारा घोडा, उडणारी चटई आणि अदृश्य होण्याची मुळी हे तिन्ही एका गोष्टीत आले की कुठल्याही प्रसंगाला वजन राहत नाही, कारण अडचण आली की पुढची जादू तयार असते.

नियम दोन : ते अद्भुत आपण लिहिलेल्या साध्या दिवसातल्या एखाद्या वस्तूशी किंवा जागेशी बांधलेलं असावं. नाणेघाटाला रांजण, देवगिरीला वीरगळ, पुण्याला नळ आणि हौद.

वीरगळ समजावून सांगताना त्याचे टप्पे फळ्यावर काढा. खाली लढाई आणि वीराचा मृत्यू, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. एवढ्यावरच मुलांच्या डोक्यात गोष्टी सुरू होतात : खालच्या टप्प्यातला वीर वर जायला नकार देतो, कुणाच्या तरी वीरगळाचा मधला टप्पा कोराच आहे. गधेगळ मात्र वर्गात आणू नका. दानपत्र मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचा दगड म्हणून तो विषय गोष्टीला सोन्यासारखा आहे, पण त्यावरचं शिल्प आठवीच्या वर्गात दाखवण्यासारखं नसतं.

आपल्याकडच्या लोकसमजुतींचा साठा मोठा आहे : वाट भुलवणारा चकवा, पाण्यातल्या साती आसरा, पाचवीच्या रात्री कपाळी लिहून जाणारी सटवाई, कोकण-गोव्याचा राखणदार. मुलं परीकथेतले ड्रॅगन आणि छड्या आणतील तेव्हा त्यांना इकडे वळवा. पण ज्या दैवताची गावात आज पूजा होते, त्याला खलनायक करू नये. तसंच संत आणि राजपुरुष यांना जादूची शक्ती देऊ नये. घरून तक्रार येते हे एक कारण झालं. खरं कारण असं की ज्याने कष्टाने काही केलं त्याच्या हातात जादू दिली की त्याचं श्रेय जातं. इतिहासातली मोठी माणसं पडद्याआड ठेवा : त्यांचा हुकूम येतो, पालखी जाते, नाव ऐकू येतं, बस.

## पायरी ४ : चार प्रश्नांचा कागद (तासिका ४ चा शेवट आणि ५)

प्रत्येकाने अर्ध्या पानावर चार उत्तरं लिहायची.

१. हे अद्भुत काय करतं? (एक वाक्य)
२. काय करू शकत नाही? (किमान दोन गोष्टी)
३. वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं?
४. हे कुणाकुणाला ठाऊक आहे, आणि मग ते बखरीत का नाही?

पुण्याच्या चौकटीतला नमुना असा. कात्रजहून येणाऱ्या नळाला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर पडायला ठेवलेली उघडी तोंडं, बांधलेले आहेत.

पहिलं उत्तर : उच्छ्वासाजवळ कुणी जे बोलेल ते नळातलं पाणी धरून ठेवतं आणि हौदात आल्यावर बोलून दाखवतं.

दुसरं : फक्त सूर्योदयाआधी, एकदाच, आणि पहिल्या घागरीलाच. कोण बोललं हे कळत नाही, आवाज पाण्याचाच असतो.

तिसरं : जिने ऐकलं तिची वाचा सूर्य मावळेपर्यंत जाते.

चौथं : गोदाला ठाऊक आहे आणि बहुधा तिच्या आधी पहिली घागर भरणाऱ्या एका म्हातारीला. बखरीत नाही, कारण बखरी लिहिणारे पाणी भरायला जात नव्हते.

तिसऱ्या उत्तरावर वर्गात थांबा. गोदा दिवसभर बोलू शकत नाही, पण घरात कुणाला पत्ताच लागत नाही, कारण नव्या सुनेने बोलावं अशी कुणाची अपेक्षाच नाही. इथे जादूची किंमत आणि काळाची रीत एकमेकांत अडकली. हीच गोष्ट आजच्या घरात ठेवली तर नाश्त्यालाच उघडी पडेल. ‘काळ बदलला तर तुझी जादू मोडते का?’ हा प्रश्न प्रत्येक कागदाला लावा. मोडत नसेल तर ती जादू त्या काळाची नाही.

नेहमीच्या चुका इथे दोन. एक, किंमत म्हणून ‘ती थकते’ किंवा ‘तिचं आयुष्य कमी होतं’ असं लिहिलं जातं. थकवा झोपेने जातो आणि कमी झालेलं आयुष्य गोष्टीत दिसत नाही. त्याच दिवशी, त्याच घरात जाणवेल अशी किंमत हवी. दुसरी चूक, इतिहास बदलायचा मोह. पाणिपत जिंकून देणाऱ्या गोष्टी पहिल्या वर्षी घेऊ नयेत. १४ जानेवारी १७६१ चा निकाल बदलला की पुढचं सगळं बदलावं लागतं आणि तेवढी माहिती कुणाच्याच जवळ नसते. नोंदलेला इतिहास जसाच्या तसा राहील आणि गोष्ट त्याच्या फटीत बसेल, एवढंच मागावं.

## पायरी ५ : पाच प्रसंग (तासिका ६)

आराखडा पाच ओळींचा. साधा दिवस, अद्भुत पहिल्यांदा दिसतं, ते वापरून फायदा होतो, किंमत वाढते किंवा मर्यादा आडवी येते, आणि निवड. शेवटच्या ओळीत पात्राने स्वतः काहीतरी ठरवलं पाहिजे. अद्भुताने येऊन सोडवणूक केली तर आराखडा परत द्या.

पात्राला काय हवं आहे हे आराखड्याच्या वर एका ओळीत लिहून घ्या. ‘स्वराज्याची सेवा’ चालणार नाही. ‘माहेरी निरोप पाठवायचा आहे’ चालेल.

स्वप्न, कालयंत्र आणि ‘हे सगळं आजी सांगत होती’ या तीन शेवटांवर बंदी घाला. बंदी याच पायरीवर जाहीर करा, खर्डा लिहून झाल्यावर नको.

## पायरी ६ : बोली (तासिका ७)

निवेदन आजच्या मराठीत, संवाद काळाच्या बेताने. मुलं उलटं करतात : निवेदनात ‘तद्नंतर’, ‘परंतु तो वीर’ आणि संवादात ‘टेन्शन घेऊ नकोस’.

संवादात जुनेपणा आणायला संस्कृत शब्द भरावे लागतात, हा समज काढून टाका. पेशवाईतली मराठी फारसी-अरबी शब्दांनी भरलेली होती. फौज, हुकूम, बाजार, अर्ज, जाब, खबर, तजवीज हे सगळे शब्द पुण्याच्या चौकटीत अगदी घरचे आहेत. यादवकाळात मात्र तेच खटकतात. तिथे बाजाराऐवजी हाट, हुकमाऐवजी आज्ञा, शहराऐवजी नगर, फौजेऐवजी सैन्य, किल्ल्याऐवजी दुर्ग. ही पाच जोड्यांची यादी देवगिरीच्या गटांना लिहून द्या. सातवाहनांचे लोक प्राकृत बोलत, त्यामुळे तिथे साधी मराठीच ठेवावी. शोभेची प्राकृत वाक्यं घडवू नयेत.

एकेका गोष्टीत काळाचे आठ-दहा शब्द पुरे. प्रत्येकाचा अर्थ वाक्यातूनच कळला पाहिजे, तळटीप नको. ‘पखालीचं तोंड सुटलं आणि वाट चिखल झाली’ असं लिहिलं की पखाल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी हे वेगळं सांगावं लागत नाही.

हाक मारण्याच्या रीती तपासा. पुण्याच्या घरात सून सासऱ्यांना मामंजी म्हणेल, नणंदेला वन्सं, आणि नवऱ्याचं नाव घेणार नाही. एका खर्ड्यात गोदा नवऱ्याला नावाने हाक मारते आणि दुसऱ्या पानावर ‘अहो’ म्हणते, असं झालं तर वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. ‘जशी आज्ञा महाराज’ हे वाक्य दिसेल तिथे खोडा.

## पायरी ७ : खर्डा एका बैठकीत (तासिका ८ आणि ९, सलग)

दोन तासिका सलग मागून घ्या. हा खर्डा घरी लिहायला देऊ नका, घरी गोष्ट मोठ्यांच्या हातात जाते. जवळ फक्त तीन कागद : साधा दिवस, चार प्रश्न, पाच प्रसंग. मोबाइल नाही, पत्रकही नाही. एखादा तपशील आठवला नाही तर ओळीखाली रेघ मारून पुढे जायचं. फुलस्केपवर एक ओळ सोडून लिहायचं, म्हणजे सुधारणेला जागा राहते.

पहिलं वाक्य अडलं तर साध्या दिवसातलं कोणतंही वाक्य उचलून तिथून सुरू करायला सांगा. बहुतेकांचं अडणं तिथेच सुटतं.

सावधान : सुरुवातीला अर्धं पान इतिहास येतो. ‘त्या काळी पुण्यावर नानासाहेब पेशव्यांचं राज्य होतं. ते बाजीरावांचे पुत्र होते…’ हे खोडायला लावू नका, पुढे लिहू द्या. तपासणीत तेवढं कापलं की खाली गोष्ट तयार असते.

## पायरी ८ : तीन वाचनं (तासिका १०)

वह्या शेजारच्या गटाला द्या, शक्यतो वेगळ्या चौकटीच्या. तीन वेळा वाचायचं, दर वेळी एकच गोष्ट शोधायची.

पहिलं वाचन काळासाठी : ‘नव्हतं’ रकान्यातली वस्तू दिसली की समासात ‘का’. दुसरं नियमांसाठी : चार प्रश्नांचा कागद शेजारी ठेवून जादूने स्वतःचा नियम मोडला का ते पाहायचं, मोडला तर ‘नि’. शेवटाजवळ तो हमखास मोडतो. पाणी एकदाच बोलणार असं ठरलेलं असताना संकटात दुसऱ्यांदा बोलतं. तिसरं वाचन गोष्टीसाठी : जिथे वाचताना मन दुसरीकडे गेलं तिथे फक्त टिंब. तपासणाऱ्याने वाक्य सुधारून द्यायचं नाही आणि शुद्धलेखनाला हात लावायचा नाही.

गुण द्यायचेच असतील तर २० पैकी : काळाचा तपशील ६, अद्भुताचे नियम आणि किंमत ६, प्रसंगांची साखळी ५, बोली ३. शुद्धलेखन वेगळं तपासा. ते यात मिसळलं की मुलं ओळखीचेच शब्द वापरतात आणि पखाल, कनवटी, उच्छ्वास यांच्या वाटेला जात नाहीत.

पुनर्लेखन संपूर्ण गोष्टीचं नको. सर्वांत जास्त खुणा ज्या प्रसंगात आहेत तेवढाच एक प्रसंग आठवडाभरात नव्याने लिहून घ्यायचा आणि जुन्या पानाला टाचणीने जोडायचा. वर्गात वाचायला घेताना दोन्ही पानं वाचा, जुनं आधी. लेखकाऐवजी दुसऱ्याने वाचलं तर बरं, कारण लेखक अडखळत नाही. दुसरा नेमका जिथे अडखळतो, तिथे अजून काम बाकी असतं.